युद्धविमान-सिम्युलेटरमधील मोहीम-रचना आणि सोनेगावचा विमानतळ : एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकावरील युद्धविमानाच्या खेळाकडे आपण बहुधा करमणूक म्हणूनच पाहतो. परंतु यांपैकी काही खेळ खेळाडूला स्वतःची मोहीम रचण्याची आणि विमानतळ उभारण्याची साधने देतात. तेथे खेळाडू लेखक होतो. आणि जेथे लेखन आहे तेथे समीक्षेला वाव आहे. प्रस्तुत लेखात 'आयएल-२ स्टुर्मोविक : १९४६' (२००६) या खेळातील मोहीम-रचनेचा परामर्श सोनेगाव विमानतळाच्या संदर्भात घेतला आहे.

मोहिमेची संहिता

मोहीम रचणारा नकाशावर विमानाचे मार्गबिंदू ठरवतो, प्रत्येक बिंदूस उंची व वेग देतो, वेळ आणि हवामान निवडतो. हे सारे साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन होते. मोहीम ही अक्षरशः संहिताच असते. उड्डाण, प्रवास, संघर्ष आणि परतणे असे तिचे कथानक असते. हँगर, मालमोटारी, उभी विमाने मांडून विमानतळही सजवता येतो. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, यात शंका नाही.

मात्र शेवट लेखकाच्या हाती पूर्णपणे नसतो. यशाचे निकष आधीच ठरलेले असतात : लक्ष्याचा विध्वंस, संरक्षण, सोबत किंवा पाहणी. परिणामी विमानतळाला दोनच अर्थ उरतात. एक म्हणजे हल्ल्यासाठी निघण्याची जागा आणि दुसरा म्हणजे हल्ला झेलण्याची जागा.

सोनेगावची साक्ष

धंतोलीतून वर्धा मार्गाने दक्षिणेस गेले की सोनेगाव लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमाने येथे मुक्काम करून पुढे जात. युद्धानंतर, १९४९ मध्ये, रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि ती परत फिरत.

या कथानकात शत्रू नाही. पण संघर्ष आहे. तो अंधाराशी, हवामानाशी आणि घड्याळाशी आहे. त्यात धोकाही खोटा नव्हता. डिसेंबर १९५३ मध्ये रात्रटपालाचे डकोटा विमान नागपूरहून उड्डाण करताच कोसळले आणि १३ जण मृत्युमुखी पडले. अशी रात्र या साधनाने कशी लिहावी? मूळ संचात डकोटा होते. पण ते केवळ संगणक चालवी, खेळाडूला त्यात बसण्याची सोय नव्हती. खेळाडूने लढावे, ओझे इतरांनी वाहावे, अशी ही श्रेणीव्यवस्था आहे.

युद्धाच्या खेळाकडून टपालाची अपेक्षा का करावी, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु युद्धही वाहतुकीवरच उभे असते. महायुद्धातील सोनेगावचे काम हेच होते. तेव्हा हा दोष विषयाच्या मर्यादेचा नसून दृष्टीच्या मर्यादेचा आहे.

निष्कर्ष

मोहीम-रचनेचे साधन लेखकाला भूगोल देते, परंतु मूल्य स्वतःकडे राखून ठेवते. सोनेगावची धावपट्टी पडद्यावर हुबेहूब उतरली, तरी पिशवी वेळेवर पोहोचणे हे यश मानले जात नाही, तोवर तो विमानतळ सोनेगाव ठरत नाही. ज्या रात्री काहीच नष्ट झाले नाही, त्या रात्री येथे सर्वाधिक काम झाले होते. असे साधन वर्गात वापरू इच्छिणाऱ्या अध्यापकाने म्हणूनच विद्यार्थ्यांना केवळ मोहीम रचण्यास सांगू नये. यशाचा निकष कोणी ठरवला, हा प्रश्नही विचारण्यास शिकवावे.