२८ नव्हे, २८१

बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’च्या मुखपृष्ठावर ना बँडचं नाव आहे, ना अल्बमचं. ८ ऑगस्ट १९६९ रोजी इयन मॅकमिलनने टिपलेल्या या छायाचित्रात चौघे झेब्रा क्रॉसिंग ओलांडतायत आणि डावीकडे एक फिकट रंगाची फोक्सवॅगन बीटल उभी आहे. नंबर एलएमडब्ल्यू २८१एफ. अक्षरं शोधणारी नजर या पाटीवर थांबते.

‘पॉल मॅकार्टनी १९६६मध्येच मेला’ म्हणणाऱ्यांनी त्यातल्या १ला ‘आय’ मानलं आणि ‘२८ इफ’ वाचलं : जगता, तर २८चा असता. खरं तर तेव्हा तो २७ वर्षांचा होता. (आपल्याकडच्या ‘अठ्ठाविसावं चालू’ या हिशेबाने मात्र बरोबर!)

हे वाचन अतिरेकी आहे अशी माझी तक्रार नाही. ते आळशी आहे. पाटीला स्वतःचं व्याकरण असतं. एमडब्ल्यू म्हणजे विल्टशर. शेवटचा एफ म्हणजे नोंदणी ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८मधली. जुन्या गाड्यांचे शौकीन हे एका नजरेत वाचतात. प्रोग्रामरच्या भाषेत, आकडा आणि अक्षर हे वेगळे डेटा टाइप आहेत. तो फरक मोडला, की कुठल्याही पाटीतून काहीही निघतं. आणि गाडी दिसेनाशी होते. चौघे ठरवून, रांगेत चालतायत. फुटपाथवर चाकं चढवलेली बीटल मात्र कुणीतरी सहज लावून गेलंय. तिच्यामुळेच हा रस्ता वाटतो, स्टुडिओ नाही. मालकाला भुर्दंड पडला : पाट्या पुन्हा पुन्हा चोरीला गेल्या. गाडी आता वुल्फ्सबर्गच्या संग्रहालयात आहे.