ठोका कुणाचा?

ट्रिस्टन शोन हा सॅन डिएगोचा गृहस्थ शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर. ‘ऑथर अँड पनिशर’ या नावानं तो वाजवतो आणि वाजवायची यंत्रं स्वतःच घडवतो. रुळावरून सरकणारे जड दांडे, अंगाचा जोर लावल्याशिवाय न हलणाऱ्या मुठी असा सगळा कारभार. गंमत म्हणजे हे लोखंड स्वतः फारसं वाजत नाही. त्याची हालचाल संगणकाला कळते आणि आवाज तिथून निघतो. मग एवढं वजन कशाला? प्लास्टिकचं बटण दाबूनही तोच ठोका पडला असता की!

पडला नसता. त्याचा अल्बम ‘क्रुलर’ (2022) हेडफोन लावून ऐका. प्रत्येक ठोक्याच्या आधी एक किंचित ओढ जाणवते, ढोलवाल्याचा हात वर गेलाय आणि अजून खाली यायचाय तेवढीच. ठोका घड्याळात बसतो, पण घड्याळ तो मारत नाही. पोर्टिसहेडच्या ‘ग्लोरी बॉक्स’ची या अल्बममधली आवृत्ती मात्र मला उगीचच केल्यासारखी वाटली. मूळ गाण्यातला लाडिक थकवा या यंत्रांना पेलत नाही. बाकी अल्बम दणकट आहे.

गेल्या दोन महिन्यांत घरी आलेल्या तबकड्या आणि सीडी ऐकताना मी हा एकच प्रश्न धरून बसलो: ठोका मारलाय कुणी? इंडस्ट्रियल संगीताला हा प्रश्न विचारायलाच हवा. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडनं 1976 मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली तेव्हा ब्रिटनमधल्या कारखान्यांना घरघर लागली होती. 1980 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये ‘आइनष्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ ही मंडळी उभी राहिली, तिच्या वाद्यमेळात पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन होतं. नावाचा अर्थच ‘कोसळत्या नव्या इमारती’. आज तेच आवाज साफसूफ करून विकत मिळतात. ‘इंडस्ट्रियल’ नावाचा फोल्डर उतरवून घ्यायचा आणि शेकड्यानं ठोके वापरायचे. पत्रा कुठला, बडवला कुणी, कशाचाच पत्ता नाही.

नॉयबाउटेनचा ‘राम्पेन’ (2024) या संदर्भात मुद्दाम ऐकण्यासारखा. 2022 च्या दौऱ्यात मंचावर आयत्या वेळी सुचलेल्या तुकड्यांवरून त्यांनी हा दुहेरी अल्बम रचला. पिवळंधमक कोरं कव्हर. ज्यांनी एकेकाळी भिंती हादरवल्या ते आता कुजबुजतात. गायक ब्लिक्सा बारगेल्डचा आवाज पुढे असतो, धातू मागून खरवडल्यासारखा येतो. काही तुकडे कच्चेच राहिलेत, ते वगळले असते तर एकाच तबकडीत काम भागलं असतं. पण पत्र्याचा आवाज ऐकताना तो पत्राच आहे याची खात्री असते, आणि आजच्या बाजारात ही साधी गोष्ट राहिलेली नाही.

डार्कवेव्हचं दुखणं वेगळं. खर्जातला अलिप्त गळा, ड्रम मशीन, थंड सिंथेसायझर आणि सगळ्यावर रिव्हर्बचं धुकं, एवढ्यावर हा प्रकार चालतो. मिन्स्कमध्ये उभ्या राहिलेल्या ‘मोलचात दोमा’ या त्रिकुटाचा ‘एताझी’ (2018) टिकटॉकमुळे 2020 मध्ये जगभर पोचला. पहिली तीन गाणी धरून ठेवतात. नंतर धुकं तेच, गळा तोच, आणि चौथं कधी संपून पाचवं लागलं हे कळत नाही. कव्हरवर एक उंच काँक्रीटची इमारत आहे. मला ती कित्येक दिवस मिन्स्कमधलीच कुठली तरी वसाहत वाटत होती. निघालं स्लोव्हाकियाच्या तात्रा पर्वतातलं हॉटेल. उदासी हवापालटाच्या ठिकाणाहून आणलेली! अल्बम वाईट नाही, पण त्या चित्रात त्याचं मर्म सापडतं.

फ्यूजनबद्दल माझी तक्रार जुनीच आहे. डेलेरियमचा ‘कर्मा’ (1997) पुन्हा घेतला. ‘फ्रंट लाइन असेंब्ली’सारखं कठोर संगीत करणाऱ्या बिल लीब आणि ऱ्हिस फुल्बर यांचंच हे मवाळ अपत्य. सारा मॅक्लाक्लननं गायलेल्या ‘सायलेन्स’मध्ये चर्चमधलं पठण यंत्राच्या तालावर पसरलंय. गोड आहे, पण त्या पठणानं तालाचं काही बिघडत नाही, की तालानं पठणाचं. पोळीवर जॅम लावावा तसं.

चरणजित सिंगचा ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या सगळ्यांपेक्षा जुना. 1982 मध्ये, मुंबईत, एचएमव्हीसाठी केलेला. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाकडे रोलँडची 808, 303 आणि ज्युपिटर-8 ही यंत्रं होती. तेव्हा तबकडी चालली नाही. 2010 मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली आणि हे तर ॲसिड हाऊसच्या आधीचं ॲसिड हाऊस, अशी हाकाटी झाली. शिकागोवाल्यांची ‘ॲसिड ट्रॅक्स’ 1987 ची, म्हणून. मला ही शाबासकी जरा अपमानास्पद वाटते. 303 वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे आणि मींड कानात मुरलेल्या वादकानं ती उचलली, इतकी सरळ ही गोष्ट आहे.

उणीवही तिथेच आहे. यंत्राची घसरण सरळ रेषेत जाते, मींड वळणावळणानं. तोडीचा गंधार हार्मोनियमच्या पट्टीवर बसावा तसा सपाट बसतो, डोलत नाही. कलावती आणि मालकंस मात्र झकास. पाचच स्वर, मोकळ्या जागा आणि खालून न थकणारा ताल. इथे रागानं यंत्राला शिस्त लावलीय आणि यंत्रानं रागाला चिकाटी दिलीय.

ही तबकडी निघाली त्याच वर्षी, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. युरोपात कारखाने बंद पडताना त्यांच्या आवाजाचं संगीत झालं. आमच्याकडे साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट थांबला आणि कुणी तो टेपवर धरल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. माझे मामा लोअर परळला साच्यावर होते. आजही घरात ते पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असं बोलतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकतात.

मागच्या रविवारी त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि ‘क्रुलर’ सुरू केला. मामांनी डोळे मिटले. मिनिट झालं तरी त्यांची मान ठोक्याला हलेना, उलट कपाळाला आठी पडली.

“साचाच हाय,” ते मोठ्यानं म्हणाले, “पण धोटा अडकलाय ह्याचा. बंद कर आधी, नायतर सगळं सूत तुटंल.”