शिंपला आणि चांदी : इंडिपॉपच्या म्युझिक व्हिडिओंचा विचार

एखादी कलाकृती सामान्य आहे हे पुरते ठाऊक असूनही तिच्याविषयीचा ओढा मनातून जात नाही, असा अनुभव प्रत्येक रसिकाच्या गाठी असतो. टीकेला मात्र हा अनुभव अडचणीचा वाटतो. टीकेचे काम गुणदोषविवेचनाचे. ज्या कृतीचे दोष उघड्या डोळ्यांना दिसतात, तिच्याविषयीची माया ही टीकेच्या दृष्टीने एक तर अभिरुचीची दुर्बलता ठरते, किंवा फार तर व्यक्तिगत आठवणींच्या खात्यावर मांडावयाची बाब. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हिंदीत जे चित्रपटबाह्य लोकप्रिय संगीत ‘इंडिपॉप’ या नावाने पुढे आले, त्याच्या म्युझिक व्हिडिओंविषयी आज जी माया व्यक्त होते, ती या अडचणीचे ठळक उदाहरण होय. त्या काळी कुमारवयात असलेली पिढी आता चाळिशी ओलांडून गेली आहे. हे व्हिडिओ ती पुन्हा पुन्हा पाहते, त्यांतील भडक पोशाखांना आणि भाबड्या कथानकांना हसते, आणि हसता हसता हळवी होते. या हसण्याचा आणि हळवेपणाचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही; कारण सामान्य कलेपुढे टीकेने कोणती वृत्ती धारण करावी, हा जुना प्रश्नच त्यात नव्या वेषाने उभा आहे.

या व्हिडिओंचा जन्म कलेच्या गरजेतून झाला नाही, व्यवसायाच्या गरजेतून झाला, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. 1991 पासून उपग्रह वाहिन्या भारतीय घरांत शिरू लागल्या. 1994 मध्ये ‘चॅनेल व्ही’ सुरू झाली आणि 1996 मध्ये ‘एमटीव्ही’ने भारतासाठी आपली स्वतंत्र वाहिनी उभी केली. अहोरात्र गाणी दाखवावयाची तर केवळ चित्रपटगीतांवर भागण्यासारखे नव्हते. रिकामा वेळ भरून काढण्यासाठी नवी गाणी हवी होती, आणि गाणे पडद्यावर दाखवावयाचे म्हणजे त्याला दृश्यही हवे होते. कॅसेटचा व्यापार तोवर खेडोपाडी पोहोचला होता. वाहिनीवर व्हिडिओ दिसावा आणि दुकानात कॅसेट खपावी, असा हा सरळ हिशेब होता.

तथापि व्यवसायाने मोकळ्या केलेल्या या जागेत एक गोष्ट अशी घडली, की जिची नोंद कलेच्या इतिहासाने घ्यावयास हवी. चित्रपटाबाहेरचे गाणे ही काही नवी वस्तू नव्हती. मराठीतील भावगीत, बंगालमधील ‘आधुनिक गान’, उर्दू गझल हे सारे चित्रपटाच्या आश्रयावाचून वाढले होते. परंतु ही गीते मुख्यतः कानाची होती. ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांच्याद्वारे ती घरोघर गेली, आणि त्यांचे चित्र ज्याने त्याने आपल्या मनात रंगविले. उलट चित्रपटगीताला चित्र होते, पण त्यात कंठ एकाचा आणि मुख दुसऱ्याचे अशी पार्श्वगायनाची रीत रूढ झालेली होती. इंडिपॉपच्या व्हिडिओने गाणाराचा कंठ आणि गाणाराचा चेहरा यांची पडद्यावर पुन्हा भेट घडवून आणली. अलिशा चिनॉय, लकी अली, दलेर मेहंदी, फाल्गुनी पाठक हे स्वतःच्या देहाने, स्वतःच्या वेषाने, आणि अनेकदा स्वतःच्या संकोचानेही प्रेक्षकांसमोर उभे राहिले. त्यांपैकी बहुतेकांना अभिनय येत नव्हता, आणि तो येत असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. त्यांच्या अवघडलेपणाला आज हसू येते, हे खरे. परंतु पार्श्वगायनाच्या घोटीव सफाईला सरावलेल्या प्रेक्षकाला या अवघडलेपणातच एक जिवंत माणूस प्रथम भेटला, हेही तितकेच खरे.

उदाहरणादाखल ‘मेड इन इंडिया’ हा 1995 मधील व्हिडिओ घ्यावा. संगीतकार बिद्दू, गायिका अलिशा चिनॉय आणि दिग्दर्शक केन घोष यांची ही निर्मिती. कथानक म्हणजे स्वयंवराचा जुना साचा. एक राणी आहे. तिच्यापुढे नाना इच्छुक येतात. त्यांपैकी एकही तिच्या मनास येत नाही. आणि अखेरीस एका लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण उघड्या देहाने प्रकट होतो. खोक्यावर गाण्याच्या नावाचाच शिक्का मारलेला आहे. कल्पनेचा हा ढोबळपणा झाकण्याचा प्रयत्न व्हिडिओत कोठेही नाही. राजवाडा नाटकातल्या पडद्यासारखा आहे, वैभव भाड्याने आणल्यासारखे दिसते, आणि प्रतीक तर इतके उघड आहे की त्याला प्रतीक म्हणणेही धाडसाचे ठरावे. असे असूनही तीन दशकांनंतर हे दृश्य विसरले गेलेले नाही.

यावर पहिले उत्तर असे दिले जाते, की ही माया त्या व्हिडिओंविषयीची नव्हेच. ती पाहणाऱ्याच्या स्वतःच्या गेलेल्या तारुण्याविषयीची आहे. शाळा सुटल्यानंतरची दुपार, घरातला एकुलता दूरदर्शन संच, भावंडांतील वाहिनी बदलण्याची भांडणे, यांच्या आठवणी या गाण्यांना चिकटलेल्या आहेत. म्हणून ती गोड वाटतात. या स्पष्टीकरणात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. स्मरणरंजन हेच एकमेव कारण असते, तर त्या दशकातील सर्वच गोष्टींना सारखीच गोडी आली असती. वस्तुतः तसे घडलेले नाही. त्याच वाहिन्यांवरून त्याच दुपारी पाहिलेले किती तरी चकचकीत कार्यक्रम आज कोणाला आठवतही नाहीत. शिवाय 1998 मधील दलेर मेहंदींचा ‘तुनक तुनक तुन’ हा व्हिडिओ घेतला, तर हे स्पष्टीकरण अगदीच लंगडे पडते. इंटरनेटच्या द्वारे तो अशा परदेशी प्रेक्षकांपर्यंत गेला, की ज्यांना पंजाबी कळत नव्हती आणि भारतातील त्या दुपारींची कसलीच आठवण नव्हती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळाच्या 2007 मधील आवृत्तीत एका काल्पनिक जमातीच्या पुरुषांना जे नृत्य दिले गेले, ते या व्हिडिओवरूनच घेतलेले आहे. ज्यांना स्मरण नाही, त्यांना स्मरणरंजन कोठून होणार?

दुसरे उत्तर विनोदाचे आहे. हे व्हिडिओ इतके वाईट आहेत की त्यामुळेच ते चांगले वाटतात, असे हे उत्तर सांगते. 1964 मध्ये सुसान सोंटॅग यांनी ‘कॅम्प’ या अभिरुचीवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात असा भेद केला आहे, की खरा ‘कॅम्प’ हा निरागस असतो. जाणूनबुजून केलेला ‘कॅम्प’ त्या मानाने उणाच. कृती गंभीरपणे काही तरी भव्य करू पाहते आणि त्यात फसते. तो फसलेला गंभीरपणाच रसिकाला मोहवितो. हा भेद येथे उपयोगी आहे. त्या काळी ‘चॅनेल व्ही’ने आपल्या जाहिरातपर तुकड्यांसाठी ‘क्विक गन मुरुगन’सारखे जे विडंबनात्मक पात्र निर्माण केले, ते स्वतःला हसत होते आणि आपण हसत आहोत हे प्रेक्षकाला कळवीतही होते. वाहिनी स्वतःकडे तिरकसपणे पाहत असताना तिच्यावरून दाखविले जाणारे व्हिडिओ मात्र सरळ होते. त्यांना उपहासाचे चिलखत नव्हते.

परंतु पाश्चात्य विवेचकाच्या या कल्पनेत प्रेक्षकाचे स्थान काहीसे उंचावर राहते. कृती निरागस, आणि रसिक जाणता. भारतीय साहित्यशास्त्रातील रसाभासाचा विचार या दृष्टीने अधिक सूक्ष्म आणि अधिक न्याय्य आहे. रस जेथे अनुचित आश्रयाने प्रवृत्त होतो, तेथे तो रस नव्हे, रसाचा आभास होय, असे शास्त्रकार सांगतात. आणि शृंगाराच्या आभासातून हास्य उद्भवते, असेही मानले गेले आहे. अभिनवगुप्तांनी सीतेविषयीच्या रावणाच्या अभिलाषेचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. शिंपल्यावर चांदीचा भास व्हावा, तसा हा शृंगार. पण त्यांचे पुढचे म्हणणे महत्त्वाचे आहे. तन्मयतेच्या क्षणी सामाजिकाला जी आस्वाद्य होते, ती रतीच; पूर्वापर विचार जागा झाल्यावर मागाहून त्याला तिचे आभासत्व कळते आणि हसू येते. म्हणजे हास्य नंतरचे आहे, आणि नंतर आलेल्या हास्याने पूर्वीचा आस्वाद खोटा ठरत नाही.

अभिनवगुप्तांच्या विवेचनात हे अंतर काही क्षणांचे असेल. इंडिपॉपच्या प्रेक्षकाच्या बाबतीत ते तीस वर्षांचे झाले आहे, एवढाच फरक. 1995 मध्ये ज्याने चांदी पाहिली, त्याला आज शिंपला दिसतो. तरीही तो शिंपला फेकून देत नाही. कारण एके काळी याच शिंपल्यावर आपल्याला चांदी दिसली होती, हे तो जाणतो. त्याच्या हसण्यात कृतीचा उपहास नाही, आणि स्वतःच्या भोळेपणाची लाजही नाही. हसणे आणि हळवे होणे यांतील विरोध येथे मावळतो. स्मरण या अनुभवात आहे. पण स्मरण हे त्याचे कारण नसून त्याला लाभलेला अवधी आहे. स्मरण नसलेल्या परदेशी प्रेक्षकाला हाच प्रवास एका बैठकीत घडतो. एकाच पडद्यावर चार दलेर मेहंदी चार रंगांच्या झग्यांत नाचताना पाहून तो आधी हसतो आणि मग त्या नाचातील निःशंक आनंदात ओढला जातो. क्रम उलटला, तरी आस्वाद आणि हास्य यांची जोडी सुटत नाही.

हा निःशंकपणा कृतीच्या रचनेतही कसा उतरतो, हे फाल्गुनी पाठक यांच्या व्हिडिओंत पाहता येते. ‘याद पिया की आने लगी’ (1998) आणि ‘मैंने पायल है छनकाई’ (1999) यांची कथानके शाळकरी वहीत लिहिलेल्या प्रेमकथांसारखी आहेत. दुसऱ्यात तर बाहुल्यांचा खेळच मांडलेला आहे. परंतु या कथांमध्ये गायिकेचे स्थान लक्षणीय आहे. आखूड केस, पुरुषी वळणाचा वेष आणि चेहऱ्यावर मिस्कील हसू घेऊन ती कथेत वावरते, पण नायिका होत नाही. ती कथा सांगते, पात्रांच्या सुखात सुख मानते. कीर्तनकाराची किंवा नाटकातील सूत्रधाराची ही जागा आहे. बाजारासाठी घाईघाईने केलेल्या या कृतींनी देशी कथनपरंपरेतील हे स्थान नकळत उचलले, आणि पडद्यावरील गायिकेच्या ठरीव शृंगारापासून एका स्त्रीला मोकळे ठेवले.

याचा अर्थ या व्हिडिओंना सर्व माफ आहे असा मात्र नाही. मायेच्या भरात त्यांचे खरे दोष दृष्टीआड करणे हीही अप्रामाणिकताच होईल. कथानकातला भाबडेपणा हा त्यांचा गंभीर दोष नव्हे. जगाकडे पाहण्यातला आंधळेपणा हा होय. त्यांतील तरुण-तरुणी बहुधा गौर, सुखवस्तू आणि कसल्याही चिंतेवाचून आहेत. ‘मेड इन इंडिया’तील खोक्यावरचा शिक्का तर अधिक विचार करावयास लावतो. बाजारपेठ नुकतीच खुली झालेल्या देशाने आपल्या अभिमानाचे चिन्ह म्हणून मालावरचा, तोही इंग्रजी, शिक्का निवडावा, यात त्या काळाचे स्वप्न आणि त्या स्वप्नाची मर्यादा दोन्ही उघडी पडतात. या माध्यमाला याहून अधिक साधले नसते असेही नाही. 2000 मधील ‘मन के मंजीरे’ या व्हिडिओत शुभा मुद्गल यांचा स्वर, प्रसून जोशी यांचे शब्द आणि शंतनू मोइत्रा यांचे संगीत एकत्र येऊन, छळाचा संसार सोडून ट्रक चालविणाऱ्या स्त्रीची कथा मीता वशिष्ठ यांच्या अभिनयातून उभी राहिली. तीच लांबी, तेच माध्यम, फरक दृष्टीचा.

पुढील काळात या भाबडेपणाची जागा दुसऱ्याच वृत्तीने घेतली. 2002 मध्ये ‘कांटा लगा’ या 1972 च्या चित्रपटगीताच्या नव्या मिश्रणाला जे यश मिळाले, त्यानंतर जुन्या गाण्याला नवा ताल आणि धीट दृश्य जोडण्याची लाट आली. त्याच वर्षी ‘ऐका दाजिबा’च्या रूपाने मराठीलाही या माध्यमातील लोकप्रियता लाभली, पण एकूण ओघ तोवर बदलला होता. नव्या मिश्रणाला स्मरण हे भांडवल म्हणून हवे होते. ही प्रक्रिया 2022 मध्ये इंडिपॉपपर्यंतच येऊन पोहोचली. ‘मैंने पायल है छनकाई’चे नवे रूप प्रसिद्ध होताच श्रोत्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि खुद्द मूळ गायिकेनेही आपली नाराजी लपविली नाही. नव्या रूपात तांत्रिक सफाई कमी नव्हती. पण शिंपल्याला चांदीचा मुलामा देऊन तो पुन्हा विकावयास काढला होता, आणि ज्यांनी तो शिंपला म्हणून जपला होता, त्यांना हा व्यवहार रुचला नाही. लोकाभिरुची वाटते तितकी विवेकशून्य नसते, याचे हे एक प्रत्यंतर म्हणावे लागेल.

‘चॅनेल व्ही’ 2018 मध्ये बंद पडली. ज्या व्यवस्थेने हे व्हिडिओ घडविले, ती आता उरलेली नाही. त्यांविषयीची माया मात्र उरली आहे. अशा मायेपुढे टीकेने दोन सोपे मार्ग टाळावयास हवेत. तिला अभिरुचीचा अधःपात म्हणून झिडकारणे हा एक. आणि सामान्य कृतीला उशिरा सापडलेली श्रेष्ठ कृती म्हणून मिरविणे हा दुसरा. शिंपला हा शिंपलाच, हे टीकेने निःसंदिग्धपणे सांगावे. पण ज्या प्रकाशात तो कोणा एका कुमारवयीन डोळ्याला चांदीसारखा दिसला, तो प्रकाश खोटा होता, असे म्हणण्याचा अधिकार तिला नाही.