मंगू कोचवानाचा एक एप्रिल

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. त्याच्या तीन दिवस आधी आम्ही मतदान केंद्रावर बसून लोकांच्या बोटांना शाई लावत होतो. शिक्षकाला हे काम चुकत नाही. कौल ज्याचा त्याचा, तो मान्यच. पण सोमवारी स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत कुणी बोललं नाही. २८८ आमदारांत मुसलमान १०, म्हणजे २०१९ इतकेच. राज्यात आपली वस्ती २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा टक्के. आकड्यापेक्षा जास्त लागली होती ती प्रचारातली भाषा. शेवटी मोठे सर म्हणाले, "चला, मंगूला पुन्हा हवालात झाली."

सगळे हसले. उर्दू शिकलेल्या माणसाला मंगू सांगावा लागत नाही. मराठी वाचकांसाठी सांगतो. सआदत हसन मंटो यांच्या 'नया कानून' या कथेतला हा लाहोरचा टांगेवाला. टांग्यात बसलेल्या दोन मारवाड्यांच्या बोलण्यातून त्याला कळतं की १ एप्रिलपासून नवा कायदा येणार. हा १९३५ चा भारत सरकार कायदा. प्रांतांत तो १ एप्रिल १९३७ पासून लागू झाला. मंगूला वाटतं, आता गोऱ्याची मस्ती उतरणार. तो घोड्याला नवी कलगी लावतो, रस्ते न्याहाळत फिरतो. सगळं कालच्यासारखंच दिसतं. मग अरेरावी करणाऱ्या एका गोऱ्याला तो बदडतो आणि पोलीस त्याला कोठडीत टाकतात. कायदा जुनाच निघतो.

त्या कायद्याखाली १९३७ च्या आरंभी निवडणुकाही झाल्या. मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण पाहून दिलेला. मंगूसारख्याला तो असण्याचा संभव कमीच. कथेत मतपेटीचं नावही नाही. ज्याला कुणी काही विचारलं नाही, तोच सर्वांत आधी सण साजरा करतो. मंटोंचा विनोद इथे आहे, आणि तो कडू आहे.

त्या रात्री आम्ही पतरस बुखारींचा 'मुरीदपूर का पीर'ही काढून वाचला. भाच्याला लिहिलेली पत्रं गावच्या वर्तमानपत्रात छापली जातात आणि मामा बसल्या जागी पुढारी होतो. सत्कार होतो, सभा भरते, ऐन वेळी टिपणं सापडत नाहीत आणि एकीचं भाषण पार फिसकटतं. पोट धरून हसलो. आपल्या मोहल्ल्यातले दोन-तीन उमेदवार डोळ्यांसमोर आले, नावं लिहीत नाही. पण पुस्तक मिटल्यावर हसू टिकलं नाही. पतरस पुढाऱ्याला हसतात. पुढाऱ्याला तर आम्ही वर्षभर हसतोच, त्याला पुस्तक कशाला?

मंटो हसतात ते आशा धरणाऱ्याला, म्हणजे आम्हालाच. तरी दिलासा तिथेच मिळाला. याचं कारण आमच्या मते असं की मंगू अडाणी आहे, बढाईखोर आहे, पण मंटो त्याला वरून पाहत नाहीत. घोड्याच्या कलगीवर ते जेवढा वेळ रेंगाळतात, तेवढ्यातच लेखकाची माया कळते. काही टीकाकार या कथेला इंग्रजविरोधी म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते अपुरं वाटतं. गोरा गेला तरी कथा शिळी झालेली नाही, कारण तिचा विषय मंगूची घाई आहे. तारीख बदलली की रस्ताही बदलेल, असं त्याला वाटतं. शाई लावताना आम्हालाही थोडं तसंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात ही कथा तोंडी सांगितली. पुस्तकात नव्हती, पण तास रिकामा होता. मुलं मारामारीला खूश झाली. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, मंगूला नेलं, मग घोड्याचं काय झालं?"

आम्ही कथा पुन्हा चाळली. मंटोंनी ते लिहिलेलं नाही.