स्टॉपवॉचच्या पुढचं क्रीडासंशोधन

शारीरिक शिक्षणातल्या संशोधनाचा आपल्याकडे एक साचा होऊन बसला आहे. पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा सराव, उत्तरचाचणी, टी-मूल्य. मुलांचे दोन गट पाडले की एम.पी.एड.चा प्रबंध उभा राहतो. वेग, ताकद, दमसास मोजायलाच हवेत. पण खेळणारा कुठल्या घरातून आला, त्याचा खर्च कोण उचलतं, तो खेळ का सोडतो, हे विचारायला आपण विद्यार्थ्याला नीट शिकवत नाही, असं माझं मत आहे.

कोल्हापूरच्या कसबा बावड्याचंच घ्या. पंचगंगेकाठची ऊसशेती, राजाराम साखर कारखाना, पोलीस मुख्यालय, वैद्यकीय महाविद्यालय, सगळं एका उपनगरात. इथं पहाटे एकजण साखर वाढली म्हणून चालतो, दुसरा पोलीस भरतीच्या १६०० मीटरची वेळ कमी करायला पळतो. भरती झाली किंवा वय उलटलं की दुसऱ्याचं पळणं थांबू शकतं. ‘आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता?’ असं विचारलं तर दोघेही सहा दिवस म्हणतील आणि तक्त्याच्या एकाच रकान्यात जातील. भांगलण करून वैरणीचा भारा डोक्यावरून आणणारी बाई मात्र ‘व्यायाम कुठला?’ म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली काम, ये-जा आणि फावल्या वेळातली हालचाल वेगवेगळी विचारते, ती म्हणूनच. तिच्यात भांगलण आणि वैरण आली, तरच ती बावड्यात उपयोगाची.

कुस्तीच्या तालमीत तर नुसत्या प्रश्नावलीचा निभाव लागत नाही. वस्ताद शेजारी बसलेले असताना पोरगा दुखापतीबद्दल काय बोलणार? शिवाय आपण विचारतो ते हौद्यात टिकलेल्यांनाच. गुडघा गेला म्हणून किंवा घरून खुराकाचे पैसे थांबले म्हणून गावी परतलेला पोरगा नमुन्यात येतच नाही. मग ‘तालमीने शिस्त लावली’ हा निष्कर्ष पाहणीआधीच ठरलेला असतो. जोडीदारांकडून नावं काढत, एकाकडून दुसऱ्याकडे जात या सुटलेल्यांपर्यंत पोचायला हवं. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाणाऱ्या मल्ल खाशाबा जाधवांसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं, ही हकिकत कोल्हापूर अभिमानाने सांगतं. त्या पिढीतल्या बाकीच्या मल्लांचा खर्च कसा भागला, हे समजायला त्यांच्या घरच्या माणसांपाशी बसावं लागेल, आणि ती माणसं आता थकत चालली आहेत.

या कामाला आधार नाही असं नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. त्यात व्यायामप्रकारांची अफाट नोंद आहे. व्यायाम करणाऱ्यांच्या आयुष्याकडे वळण्याचं काम पुढच्यांचं होतं. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांवर अभ्यास करून १९९२ मध्ये ‘द रेसलर्स बॉडी’ हे पुस्तक लिहिलं. समाजशास्त्रज्ञ लोईक वाकां तर शिकागोच्या बॉक्सिंग जिममध्ये तीन वर्षं स्वतः ठोसे खात शिकले. अशा जवळिकीने संशोधक तालमीचाच होऊन बसण्याचा धोका असतो, म्हणून रोजची टिपणं आणि बाहेरच्या कोणाची उलटतपासणी हवीच.

मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: विद्यार्थ्याला प्रश्नावली छापू देण्याआधी एक हंगाम तालमीत किंवा भरतीच्या मैदानावर बसवा, आणि खेळ सोडलेल्यांच्या मुलाखतींशिवाय प्रबंध स्वीकारू नका.