आ-हा यांचा पहिला अल्बम : 'हंटिंग हाय अँड लो' (1985)

नॉर्वेहून नशीब काढायला लंडनला आलेल्या तीन तरुणांचा हा पहिलाच अल्बम. मोर्टेन हार्केट गायक, माग्ने फुरुहोल्मेन कीबोर्डवर, पॉल वाक्टार गिटारवर. यातले 'टेक ऑन मी' आणि त्याचा पेन्सिलच्या रेखाटनांचा व्हिडिओ अनेकांना ठाऊक असतो. उरलेली नऊ गाणी फारसे कोणी ऐकत नाही. त्यामुळे 'व्हिडिओवर तरलेला बँड' असा शिक्का बसला. तो मला मान्य नाही.

व्हिडिओने गाणे विकले, हे खरेच आहे. 1984 मध्ये हेच गाणे वेगळ्या ध्वनिमुद्रणात आले आणि पडले. ॲलन टार्नी यांनी ते नव्याने बांधले, स्टीव्ह बॅरन यांनी व्हिडिओ केला, आणि ऑक्टोबर 1985 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पण खप आणि गुणवत्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही ध्वनिमुद्रणे पडद्याकडे न बघता ऐका. चाल तीच, गळाही तोच. पण जुन्यात तालाला वजन नाही. टार्नींच्या बांधणीत ठेका ठाशीव होतो आणि आवाजाला मोकळी जागा मिळते.

त्या जागेत हार्केट काय करतो ते पाहा. सप्तक चढले की कंप्रता दुप्पट होते. या गाण्याचे ध्रुवपद सुमारे 110 हर्ट्झवर सुरू होऊन 659 हर्ट्झपर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ सहापट. तिथे पोहोचताना तो ओरडत नाही, आवाज हलका करत नेतो. गाणे विनवणीचे आहे. स्वर चढतो तसा विनवणाऱ्याचा धीर सुटत जातो. निव्वळ कसरत असती तर इतकी वर्षे टिकली नसती.

माझ्या लेखी सर्वांत चांगले गाणे मात्र 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टी.व्ही.' हे आहे. सुरुवात संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखी; मग ड्रम कोसळतात. दूरचित्रवाणीवर सूर्य मावळतच नाही, ही शीर्षकातली खंत आहे, आणि ती गाणाऱ्यांना त्याच पडद्याने प्रसिद्ध केले!

सगळेच जमलेले नाही. 'लव्ह इज रीझन' भरतीचे वाटते. कीबोर्ड उड्या मारतो, गाणे जागेवरच राहते. शीर्षकगीत मात्र फार कमी वाद्यांत बरेच काही सांगते. शेवटचे 'हिअर आय स्टँड अँड फेस द रेन' तर हिट गाण्याच्या चाहत्याला बुचकळ्यात टाकणारे आहे : संथ, करडे, पावसात एकट्याने उभे राहिल्यासारखे. नव्या बँडने पहिला अल्बम अशा गाण्यावर संपवावा, याला धाडस लागते.