य. खु. देशपांडे यांचे वाङ्मयेतिहासलेखन : एक पुनर्विचार

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांची चर्चा करताना आपण सामान्यतः पुणे-मुंबईकडे पाहतो. यवतमाळसारख्या आडवळणाच्या गावी वकिली करीत प्राचीन मराठीच्या संशोधनाला वाहून घेतलेल्या यशवंत खुशाल देशपांडे (1884-1970) यांचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या संदर्भापुरताच होतो. 'महानुभाव वाङ्मयाचे संशोधक' एवढ्या विशेषणावर त्यांची बोळवण केली जाते. हे विशेषण खरे असले तरी अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

देशपांडे यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्या काळातील स्थिती ध्यानात घ्यावी लागते. महानुभावांचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते आणि पंथाबाहेरील वाचकाला ते अगम्य होते. वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ही कवाडे उघडली. परंतु कवाड उघडणे वेगळे आणि आतील वस्तूंची मांडणी करणे वेगळे. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या 'महानुभावीय मराठी वाङ्मय' या ग्रंथाने हे दुसरे काम हाती घेतले. नरेंद्र, भास्करभट्ट बोरीकर, दामोदर पंडित ही नावे आज पदवीच्या विद्यार्थ्यालाही परिचित आहेत. त्या परिचयामागील पायाभूत श्रमांत यवतमाळचा वाटा मोठा आहे. शारदाश्रमाच्या रूपाने या श्रमांना संस्थेचा आधारही मिळाला.

तथापि या ग्रंथाचे शीर्षकच एक प्रश्न उभा करते. वाङ्मयाचे एकक म्हणून देशपांडे यांनी पंथ स्वीकारला. सामग्री हस्तलिखितांत विखुरलेली असताना हे सोयीचे, किंबहुना अपरिहार्य होते. पण पुढे पाठ्यपुस्तकांनी त्याच सोयीची भिंत केली. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' आख्यानकाव्याच्या परंपरेत वाचण्याऐवजी 'महानुभाव' या स्वतंत्र प्रकरणात वाचले जाऊ लागले. एकनाथांच्या त्याच नावाच्या काव्याशी त्याची तुलना परीक्षेतील एका प्रश्नापुरती उरली! हा दोष देशपांडे यांचा कमी, त्यांच्यामागून आलेल्यांचा अधिक.

महदंबेच्या धवळ्यांच्या संदर्भात हा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. 'आद्य मराठी कवयित्री' (1935) या नावाने देशपांडे यांनी तिला वाचकांसमोर आणले. 'आद्य' या शब्दाने महदंबेला इतिहासात स्थान मिळाले. मात्र कवितेकडे जाणारे लक्ष क्रमांकाकडे वळले. धवळे हे विवाहप्रसंगी गायचे गीत. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या खेळाच्या निमित्ताने तिने ते रचले, असे परंपरा सांगते. गायिलेल्या रचनेचा पाठ स्थिर नसतो. तेव्हा लिखित पोथीच्या निकषाने तिची मूळ संहिता ठरविताना बायकांच्या गळ्यातील गाण्याची परंपरा दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. देशपांडे पोथीचे संशोधक होते. जात्यावरच्या ओव्यांचा, लग्नगीतांचा पुरावा त्यांच्या पिढीच्या वाङ्मयेतिहासात क्वचितच शिरला.

2019 साली यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. लोकसंस्कृती आणि स्त्रीरचना यांच्या अभ्यासक असलेल्या अध्यक्षा याच गावी याव्यात, हा योगायोग विलक्षण होय. चर्चा मात्र त्या वेळी संमेलनातील वादांचीच झाली.

2024 पासून ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ कार्यरत आहे. धवळ्यांचे पाठ आणि वऱ्हाडातील आजची लग्नगीते शेजारी ठेवून वाचण्याचे काम तेथे हाती घेता येण्यासारखे आहे. त्यासाठी आरंभ पुन्हा देशपांडे यांच्या 1935 च्या संपादनापासूनच करावा लागेल.